बॅप्टिस्टाने विद्यापीठातल्या ईश्वरविज्ञानाचा माग ठेवावा का?

बिरुयाकर

आपल्या बॅप्टिस्टांत, म्हणजे तान्ह्या मुलांना नव्हे तर विश्वास कबूल करणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्यांत, एक वाक्य फार चालतं: "आम्हाला पवित्र शास्त्र पुरे, प्राध्यापकांचं प्राध्यापकांपाशी." कॅथलिक माणूस असं म्हणाला तर एक वेळ समजू शकतो. त्याच्या वतीने वाचायला बिशप आहेत, परिषदा आहेत. प्रेस्बिटेरियनांना सिनॉड, म्हणजे वडीलधाऱ्यांची वरिष्ठ सभा, आहे. आपल्याला कोण आहे? पाळक कोणाला नेमायचं, शिकवण कुठे घसरली, बाप्तिस्मा कोणाला द्यायचा, हे सगळं मंडळीची सभा ठरवते. तिथे हात वर करणाऱ्या प्रत्येकाने थोडं तरी वाचलेलं असावं, ही अपेक्षा जास्त आहे का? बिशप काढून टाकल्यावर त्याचा अभ्यासही आपल्याच गळ्यात पडतो.

एक उदाहरण देतो. "परुशी (येशूच्या काळचा एक कडवा यहुदी पंथ) म्हणजे कर्मांच्या जोरावर तारण कमावू पाहणारे" हे अजून व्यासपीठावरून बिनदिक्कत सांगितलं जातं. १९७७ मध्ये नव्या कराराचा अभ्यासक ई. पी. सँडर्सने त्या काळचे यहुदी ग्रंथ चाळून दाखवलं की तिथेही देवाची निवड आणि कृपा आधी येते, आज्ञापालन नंतर. त्याच्या मागून आलेल्या जेम्स डनचं म्हणणं, प्रेषित पौल ज्या 'नियमशास्त्राच्या कृत्यां'वर तुटून पडतो त्यांचा रोख मुख्यतः सुंता, शब्बाथ, खाण्याचे निर्बंध अशा यहुदी-परराष्ट्रीय भिंती उभ्या करणाऱ्या गोष्टींवर आहे. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांपैकी एका लेखात हाच शब्दप्रयोग सापडला. तो १९९४ मध्ये अधिकृतपणे छापून आल्यावर वादाला आणखी तोंड फुटलं. मला डनचं अर्धंच पटतं. पण हा वाद माहीत नसताना गलतीकरांस पत्रावर आठ आठवडे उपदेश करायचा?

जुनी_पायवाट

धागा वाचला. आता दुसरी बाजू.

क्रॉफर्ड टॉय. सदर्न बॅप्टिस्टांच्या सेमिनरीतला सर्वांत हुशार प्राध्यापक. जर्मनीतून शिकून आला, जुन्या करारावर तिकडची नवी मतं शिकवू लागला, १८७९ मध्ये राजीनामा द्यावा लागला. पुढे हार्वर्डला गेला आणि शेवटी युनिटेरियनांत. आठच वर्षांनी, १८८७ मध्ये, लंडनचा नामांकित बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जन ब्रिटनच्या बॅप्टिस्ट युनियनमधून बाहेर पडला. भांडण त्याच उताराचं, म्हणजे जुन्या शिकवणीपासून घसरण्याचं होतं. ही माणसं आळशी नव्हती, वाचून वाचूनच तिथे पोहोचली.

आणि तुमच्याच उदाहरणावर येतो. सँडर्स १९७७. मग डन. मग राइट. सगळे पौलाचेच अभ्यासक. मग २०१५ मध्ये जॉन बार्कले येऊन म्हणतो, कृपा त्या ग्रंथांत सगळीकडे आहे खरी, पण सगळ्यांना त्या शब्दाने एकच गोष्ट अभिप्रेत नाही. लायकी न बघता दिलेली देणगी यावर पौलाचा खास भर. म्हणजे जो पाळक १९८५ मध्ये उत्साहाने डनवाला झाला त्याने आता काय करायचं? मंडळीला पत्रक काढायचं? ज्याने काहीच वाचलं नाही तो मात्र जिथे होता तिथेच, आणि बार्कले फिरून त्याच्या बऱ्यापैकी जवळ आला. हे वेगळं सांगायला नको.

तळटीप

@जुनी_पायवाट, स्पर्जनला न वाचणाऱ्यांच्या रांगेत उभं करू नका हो. विद्यापीठाची पदवी नव्हती, पण घरात सुमारे १२,००० पुस्तकं होती. १८७६ मध्ये त्याने भाष्यग्रंथांवर एक अख्खं पुस्तक काढलं, कोणतं घ्यावं आणि कोणतं रद्दीत घालावं हे सांगणारं. पवित्र आत्म्याने आपल्याला काय दाखवलं यावर भरभरून बोलणारे लोक त्याने इतरांना काय दाखवलं याची फिकीर करत नाहीत, हा टोमणा त्याच पुस्तकातला आहे. तो आज कोणाला लागू पडतो ते आपापलं बघावं.

सोळाशे_एकोणनव्वद

वाचावं याबद्दल दुमत नाही. काय वाचावं हा प्रश्न आहे. आपले जुने बॅप्टिस्ट ईश्वरविज्ञानी जॉन गिल वाचा, अँड्र्यू फुलर वाचा, १६८९ ची कबुली, म्हणजे बॅप्टिस्ट शिकवणीचं कलमवार निवेदन, तिच्या आधारवचनांसकट वाचा. तीनशे वर्षं टिकलेलं सोडून गेल्या महिन्यातल्या नियतकालिकामागे धावायची गरज काय? जे खरंच महत्त्वाचं असेल ते पन्नास वर्षांनीही उरेल, तेव्हा वाचू.

तळटीप

गिलचं नाव तुम्ही घेतलंत हे बरं केलंत. शाळा लहानपणीच सुटली, लॅटिन-ग्रीक-हिब्रू स्वतःच्या हिमतीवर शिकला, आणि भाष्यात पानोपानी तालमूद (यहुदी धर्मशास्त्राचा संग्रह) आणि रब्बींचे हवाले. १७४८ मध्ये अ‍ॅबरडीनने डॉक्टरेट दिली ती त्याच अभ्यासासाठी. त्याच्या काळातलं 'यहुदी पार्श्वभूमी'चं ताजं संशोधन तेच होतं. सँडर्स हातात पडला असता तर गिलने त्याच्याशी कडाडून भांडण केलं असतं, पण आधी वाचला असता.

शिवाय तुमच्या कबुलीचा पहिला अध्याय, आठवा परिच्छेद: वाद उद्भवला तर अंतिम निवाडा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. मूळ ग्रीकमध्ये नेमकं काय होतं हे ठरवण्याचं काम आज कुठे चालतं, सांगा बरं.

हस्तलिखित

वरच्या मुद्द्याला जोडून. प्रेषितांची कृत्ये ८:३७ काढा. कूशी षंढ विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? फिलिप्प म्हणतो, पूर्ण मनाने विश्वास धरत असशील तर हरकत नाही, आणि षंढ येशू देवाचा पुत्र असल्याची कबुली देतो. विश्वासणाऱ्यांच्याच बाप्तिस्म्यासाठी याहून सोयीचं वचन नाही. आपल्या किती पत्रकांत ते छापलेलं असतं!

ते वचन सिनाय, व्हॅटिकन आणि आलेक्झांड्रिया या तिन्ही जुन्या हस्तलिखितांत नाही. तिसऱ्या शतकातल्या पपायरसातही नाही. ज्या ग्रीक हस्तलिखितांत ते आहे त्यांतलं सर्वांत जुनं सहाव्या शतकाचं. सोळाव्या शतकात ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसला ते एका प्रतीच्या समासात मिळालं, नकलनवीसाच्या चुकीने गळलं असणार असं मानून त्याने ते छापलं, आणि तिथून ते आपल्यापर्यंत आलं. म्हणून नव्या आवृत्त्यांत ते कंसात किंवा तळाशी असतं. बालबाप्तिस्म्याच्या बाजूचा एखादा चलाख माणूस हे वचन तुमच्याच तोंडावर फेकेल तेव्हा तुम्ही काय करणार?

जुनी_पायवाट

झालं! इथूनच सुरुवात होते. आज एक वचन, उद्या मार्काचा शेवट, परवा व्यभिचारी स्त्रीची गोष्ट. साध्या विश्वासणाऱ्याच्या हातातलं पुस्तक रोज एकेक पान हलकं करायचं आणि वर म्हणायचं, जबाबदारीने वाचा.

हस्तलिखित

उलट आहे. बिशप इरेनियस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस षंढाची ही कबुली उद्धृत करतो. म्हणजे ओळ कृत्ये लिहिणाऱ्या लूकची नसेलही, पण पाण्यात उतरणाऱ्याने आधी तोंडाने कबुली द्यायची, ही रीत तेव्हा इतकी अंगवळणी पडली होती की कोणाला तरी ती गोष्टीत नसल्याचं खटकलं आणि त्याने ती भरली. मला तर हा पुरावा वचनापेक्षा भक्कम वाटतो. पण तो वापरायला आधी वचन हातातून सोडावं लागतं.

मंडळीचा_चिटणीस

सगळे पौलातच अडकलात. मला मंडळीच्या इतिहासाबद्दल बोलायचंय, कारण खरी नामुष्की तिथे आहे.

जे. एम. कॅरल यांचं 'रक्ताचा माग' सांगणारं १९३१ चं ते छोटं पुस्तक अजून हातोहात फिरतं. दावा असा की बॅप्टिस्ट कधी सुरू झालेच नाहीत, येशूपासून अखंड चालत आलेत: नोव्हेशियन, डोनेटिस्ट, पॉलिशियन, कॅथार, वाल्डेन्सियन असे मुख्य चर्चपासून फुटलेले जुने पंथ, मग आपण. आता बघा. डोनेटिस्टांचे बिशप होते, आणि तेही लहान मुलांना बाप्तिस्मा देत. कॅथार तर पाण्याचा बाप्तिस्माच मानत नसत, आणि दृश्य जग दुष्ट शक्तीने घडवलं असं शिकवत. हे आपले पूर्वज? एखाद्या कॅथाराला आज तुमच्या मंडळीचं सभासदत्व द्याल?

कागद काय सांगतात ते तितकंच रंजक आहे. १६०९, अ‍ॅमस्टरडॅम: जॉन स्मिथ आधी स्वतःलाच बाप्तिस्मा देतो, मग इतरांना, आणि बहुधा पाणी ओतून. थॉमस हेल्विस त्याच्यापासून फुटतो, १६१२ च्या सुमारास लंडनला परततो, राजाला विवेकावर हुकूम चालवायचा अधिकार नाही असं छापतो आणि न्यूगेटच्या तुरुंगात मरतो. बुडवून बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये येतो तो बॅप्टिस्टांच्या दुसऱ्या गटाकडून. डच भाषा येणाऱ्या रिचर्ड ब्लंटला १६४० मध्ये चौकशीसाठी हॉलंडला धाडतात, तो परतल्यावर १६४१ च्या सुमारास सुरुवात होते आणि १६४४ च्या लंडन कबुलीत 'पूर्ण शरीर पाण्याखाली' असं कलम पडतं.

हेच विल्यम व्हिट्सिट यांनी १८९६ मध्ये पुस्तकात मांडलं. ते तेव्हा टॉयच्याच जुन्या सेमिनरीचे अध्यक्ष होते. अखंड परंपरावाल्यांनी रान उठवलं आणि १८९९ मध्ये त्यांना खुर्ची सोडावी लागली. आज बॅप्टिस्ट इतिहासाचे जाणकार मोठ्या प्रमाणात व्हिट्सिटच्याच बाजूचे आहेत. (स्पर्जनही अखंड परंपरा मानायचा, १२,००० पुस्तकं असून. @तळटीप, हे तुमच्यासाठी.)

जुनी_पायवाट

@मंडळीचा_चिटणीस, कॅरलबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. ते पुस्तक मी कधी कोणाला दिलेलं नाही.

पण तुम्ही दोन गोष्टी एकाच टोपलीत घातल्या. इतिहासाला कागद असतात. ब्लंट हॉलंडला गेला की नाही, याचं हो किंवा नाही असं उत्तर मिळतं. हस्तलिखितांचंही तसंच, म्हणून ८:३७ वर मी चिडलो तरी खोडून काढलं नाही. पण पौलाच्या मनात काय होतं, येशूला स्वतःबद्दल काय वाटत होतं, देव भविष्य जाणतो की नाही, याला कुठले कागद? तिथे प्राध्यापक मागच्या प्राध्यापकाला खोडतो आणि त्यावर नोकरी कायम होते. पहिल्याचा माग ठेवा, जरूर. दुसऱ्याचा कशाला?

बिरुयाकर

फरक मान्य. पण सीमा तुम्ही म्हणता तितकी स्वच्छ नाही. बाप्तिस्म्याचंच घ्या. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियासने १९५८ मध्ये पहिल्या चार शतकांतला बालबाप्तिस्मा मांडला. कुर्ट आलांडने १९६१ मध्ये उत्तर दिलं की साधारण इसवी सन २०० च्या आधीचा खात्रीचा पुरावा नाही. दोघेही लुथरन! त्याआधी १९४३ मध्ये रिफॉर्म्ड परंपरेतल्या कार्ल बार्टने बालबाप्तिस्म्यावर जाहीर हल्ला चढवला होता. आपली बाजू बाहेरची माणसं लढवत होती आणि आपण तेव्हा कॅरलची पत्रकं वाटत होतो.

आणि आतलाही एक बघा. जॉर्ज बीझली-मरे, स्पर्जन्स कॉलेजचा प्राचार्य, १९६२. नव्या करारातला बाप्तिस्मा 'नुसतं चिन्ह' म्हणून भागत नाही, तिथे देव काहीतरी करतो, असं तो रोमकरांस ६, गलतीकरांस ३ वगैरे एकेक उतारा घेऊन दाखवतो. हे कागद आहेत की मनातलं?

सोळाशे_एकोणनव्वद

आलांडचं पुढचंही सांगा की. पुरावा नाही म्हणाला, आणि बालबाप्तिस्मा तरीही योग्यच म्हणून लुथरनच राहिला. एवढं संशोधन करून त्याच्या मंडळीत काय बदललं?

बीझली-मरेचा रस्ता कुठे जातो तेही माहीत आहे. १९८२ चा लिमाचा दस्तऐवज, जागतिक चर्च परिषदेचा. बाप्तिस्म्यावर सगळे चर्च जवळ आले असं म्हणत म्हणत कलम टाकलं, 'पुनर्बाप्तिस्मा' वाटेल असं काहीही टाळा. म्हणजे तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडलेला माणूस विश्वास धरून तुमच्या दारात आला तर त्याला काय सांगणार? विद्वानांच्या परिषदा शेवटी त्या दाराशीच येऊन थांबतात.

बिरुयाकर

म्हणूनच तर! त्या दस्तऐवजाला उत्तर द्यायला बॅप्टिस्ट बाजूने वाचलेली माणसंच लागली.

पाळकीण

सगळ्यांचं वाचून झालं. आता व्यवहार.

रविवारचा उपदेश, मधल्या वारी प्रार्थनासभा, एक अंत्यविधी, छपराचा खर्च आणि दोन घरांतलं भांडण, एवढं आटोपून पाळक बार्कलेची सहाशेच्या आसपास पानं कधी वाचणार? 'माग ठेवणं' कोणालाच जमत नाही, प्राध्यापकांनाही नाही. नव्या कराराचा माणूस जुन्या कराराचं वाचत नाही.

आमच्या घरी चालतं ते असं. वर्षाला एकच विषय. त्यावरचं एक जाड पुस्तक, तेही प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण आधी. बाकी पुस्तक-परीक्षणांवर भागवायचं. चांगलं परीक्षण लेखकाचं म्हणणं दोन पानांत सांगतं आणि कुठे कच्चा आहे तेही. ज्याच्याशी आपलं पटत नाही अशा एकाचं तरी वाचायचं. उपदेशात नावं घ्यायची नाहीत. 'डन म्हणतो' ऐकून कोणाचंही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आणि बिरुयाकर, सभेत हात वर करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं म्हणता, तर मंडळीत अक्षरओळख नसलेली माणसंही असतात. त्यांचा हात खाली करायचा का?

बिरुयाकर

नाही. पण शेजारी बसलेल्याने वाचलेलं असावं आणि त्याने सभेत तोंड उघडावं.

पाळकीण

ठीक. मग थेट विचारते. पुढच्या वर्गात बाप्तिस्म्याचे उमेदवार आहेत आणि पाठ कृत्ये ८ आहे. ३७ वं वचन मोठ्याने वाचू की नको?

जुनी_पायवाट

वाचा. तळटीप बाप्तिस्मा झाल्यावर सांगा.

हस्तलिखित

वाचा, आणि तळटीप त्याच वर्गात सांगा. इरेनियससकट. पाच मिनिटं लागतात.

जुनी_पायवाट

पाच मिनिटं तुम्हाला. प्रश्न सुरू झाले की तासभर, आणि पाळकीणबाईंना ३८ व्या वचनापर्यंत, षंढाच्या प्रत्यक्ष बाप्तिस्म्यापर्यंत, पोहोचायचंय.