बिबट्या दिसला की लगेच पिंजरा? (साताऱ्याच्या पेढ्याच्या भैरोबा डोंगरावरच्या ट्रेलवरून)

घाटवेडा, शाहूपुरी:
सायकलवाल्यांच्या ग्रुपवरची परवाची पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. भैरोबाच्या मागच्या पायवाटेवर पहाटे एकाला बिबट्या आडवा गेला. त्याने काही केलं नाही, बघितलं आणि करवंदीच्या जाळीत शिरला. तरी शेवटी मागणी काय, तर "ताबडतोब पिंजरा लावा, नाहीतर मोर्चा काढू." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे उलट बोललं की लोक अंगावर येतात, म्हणून इथे लिहितोय.

उजाडायच्या आत एकट्याने कानात इअरफोन कोंबून उतारावर सुसाट सुटायचं आणि रात्रीची फेरी संपवून परतणारं जनावर दिसलं की गुन्हेगार तेच? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. नुसता दिसला म्हणून त्याला धरता येत नाही, मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. बरं, धरून सोडणार कुठे? जुन्नरला २००१ नंतर बिबटे धरून दुसरीकडे सोडले, तर जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी हे अभ्यासातून मांडलंय. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' माळशेजला सोडला होता, तो गळ्यात माग काढायची कॉलर घेऊन चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. म्हणजे आपण सोडू तिथे तो राहत नाही.

राइड बंद करा असं कोण म्हणतंय? नीट उजाडू द्या, दोघंतिघं मिळून जा, आंधळ्या वळणावर घंटी वाजवा. दिसलाच तर पॅडल मारत पळू नका, पळणाऱ्याच्या मागे लागायचं हा मांजराचा स्वभावच आहे. उतरा, सायकल मध्ये आडवी धरा, मोठ्याने बोला, पाठ न दाखवता मागे सरका. आणि चेन उतरली तर तिथेच उकिडवे बसून चढवत बसू नका. वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही.

डबल सस्पेन्शन:
ती पोस्ट माझ्या मित्राची आहे. गुपचूप इथे येऊन त्याची खिल्ली उडवायची गरज नव्हती. आणि हे "आडवी धरा, मोठ्याने बोला" पुस्तकात ठीक आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात दोन सायकलवाल्यांनी नेमकं हेच केलं. ओरडले, सायकल अंगावर घातली, प्यूमा (तिकडचं बिबट्यासारखं मोठं मांजर) पळालाही. मग परत आला. एक गेला, एक जबर जखमी. आपल्याकडे असं कुणाचं झाल्यावर पिंजरा लावायचा का?

घाटवेडा, शाहूपुरी:
प्यूमा भैरोबावर कधी आला? तुझ्या मित्राला उद्यापासून त्याच्यासाठी पिंजरा मागायला सांग.

गोडोलीची सून:
तुमचं दोघांचं चालू द्या. आमचे सासरे गेली कित्येक वर्षं हातात काठी घेऊन पहाटे भैरोबाला जातात. त्यांना बिबट्या दोनदा दिसला, दोन्ही वेळा तोच निघून गेला. त्यांना पाडलं ते सायकलवाल्याने. मागून आवाज न करता आला, "साइड, साइड" ओरडला आणि खांद्याला हँडल लावून गेला, थांबलासुद्धा नाही. मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. पिंजरा लावायचाच तर जरा मोठा लावा, हेल्मेटसकट मावेल असा.

डबल सस्पेन्शन:
सगळे सायकलवाले तसे नसतात ताई.

गोडोलीची सून:
सगळे बिबटेपण तसे नसतात दादा.

यवतेश्वरकर:
मूळ रोग कुणी बोलत नाही. कास रस्त्याला हॉटेलं झाली, रात्री उरलेलं अन्न मागच्या बाजूला दरीत ओततात. त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबट्या. हा सरळ हिशोब आहे. कासचं पठार २०१२ ला जागतिक वारशात गेलं, त्याचं आम्हाला मिळालं काय तर फुलांच्या दिवसांत ट्रॅफिक आणि वर्षभर खरकटं.

ऊसवाला, कराड:
मगाधरनं वाचतोय. तुमच्या सायकलीला हजार ल्युमेनचा दिवा, डोक्याला हेल्मेट, वर हौस. आमच्याकडं या एकदा. मोटरंची लाईट रात्री येती. बारा वाजता डीपीपाशी, ट्रान्सफॉर्मरपाशी जायचं, मोटर चालू करायची आणि मग सरीत वाकून दारं धरायची, म्हंजी पाणी एका सरीतनं दुसरीत वळवायचं. एका हातात खोरं, मोबाइलची बॅटरी दातात. वर म्हणताय वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत न्हाई. मग दारं काय ताठ उभं राहून मोडू? दोन्ही बाजूला डोक्यावर ऊस, पाच फुटावर काय बसलंय ते कळत न्हाई. आमचा मोर्चा बिबट्यावर न्हाई, दिवसा लाईट द्या म्हणून हाय. वर्षं झाली, कुणी अंगठा दाबला न्हाई.

वाळव्याचा:
भाऊ, आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजलाइनला, सोलरची लाईट दिवसा येते आता. कागदपत्रं करून पाठपुरावा केला असता तर तुमच्याकडेपण आली असती.

ऊसवाला, कराड:
ती सोलर फीडरची सरकारी योजना २०१७ पासनं ऐकतोय. जागा दिली, ठराव दिला, हेलपाटं मारलं. पाठपुरावा मला शिकवू नका. तुमचा फीडर कुणाच्या मळ्यातनं जातो ते सांगा आधी, मग कळंल लाईट कशी आली.

वाळव्याचा:
पुराव्याशिवाय बोलू नका. मी स्वतः शेतकरी आहे, कुणाचा चमचा नाही.

ऊसवाला, कराड:
चमचा मी म्हणलोच न्हाई. तुम्हीच म्हणताय.

सांगलीकर:
२०२१ ला आमच्या राजवाडा चौकात बिबट्या शिरला तेव्हा कुणाच्या फीडरवरून आला होता?

ऊसवाला, कराड:
ऊसातनंच आला असंल. त्याचं बाळंतपणपण आता ऊसातच होतंय. मागच्या हंगामात आमच्या फडात ऊसतोड टोळीला पिल्लं घावली. कोयतं थांबलं, गाव गोळा झालं, एकजण सेल्फीला उचलायला लागला, त्याला मुकादमानं शिव्या घालून हाकलला. वनखात्याच्या पोरांनी पिल्लं क्रेटमधी ठिवली, त्याच बांधावर, शेजारी कॅमेरा लावला. रात्री आई आली, तोंडात धरून एकेक घिऊन गेली. पोरांचं काम बेस्ट. पण टोळीचा दिवस मोडला, तो कुणी द्यायचा? मीच दिला.

घाटवेडा, शाहूपुरी:
बिबट्याचीच होती का? वाघाटीची (ठिपक्यांचं छोटं रानमांजर) पिल्लंही उसात सापडतात आणि लोक उगाच घाबरतात. ती पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास.

ऊसवाला, कराड:
आई कॅमेऱ्यात दिसली म्हणलं की. ती दीड किलोची असंल तर तुम्ही या वजन करायला.

डबल सस्पेन्शन:
म्हणजे तुम्हालाही भीती वाटतेच ना? मग पिंजऱ्याला विरोध का?

ऊसवाला, कराड:
एक धरला तर मोकळ्या जागेवर दुसरा येतोय. आणि माणूस मेला तर सरकार पंचवीस लाख देतंय, त्याच्या आधी दिवसाची लाईट देत न्हाई. राग त्याचा हाय. तुम्हाला पहाटं जायचं का न्हाई ते तुम्ही ठरवता. मला रात्री जायचं ते टाइमटेबल ठरवतंय.

घाटवेडा, शाहूपुरी:
हे मान्य. भैरोबाची भीती हौशी आहे, तुमची नाही. तरी पिंजऱ्याचं माझं म्हणणं तेच.

गोडोलीची सून:
आणि मागून न सांगता येणाऱ्यांचं?

घाटवेडा, शाहूपुरी:
घंटी लिहिली आहे की वर.

गोडोलीची सून:
लिहिलीय, लावा.

डबल सस्पेन्शन:
ठीक आहे, पिंजऱ्याचं मित्राला सांगतो. लाईटच्या मोर्च्याला यायला आमची हरकत नाही. फक्त रविवारी ठेवू नका, राइड असते.

ऊसवाला, कराड:
बघा. झाली सुरवात.