जी.६५२.डी आणि जी.६५७.ए२ हे ऑप्टिकल फायबर जोडताना ०.३ डीबी (डेसिबल) लॉस, काय करावं?

तारवाला: मंडळी, बाहेरून आलेली जुनी केबल जी.६५२.डी आहे, इमारतीत जी.६५७.ए२ ओढली आहे. इमारतीच्या बाजूने ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून लॉस मोजणारं यंत्र) लावला की जोडावर ०.३१ डीबी दिसतो. स्प्लाइस मशीन (फायबर वितळवून जोडणारं) मात्र ०.०३ म्हणतं. तीनदा कापून पुन्हा जोडलं, आकडा हलत नाही. कुणावर विश्वास ठेवू?

प्रकाशरेषा: चौथ्यांदा कापू नका! आधी दुसऱ्या टोकाकडून मोजा. माझा अंदाज, तिकडून लॉसऐवजी 'गेन' दिसेल. जोडात प्रकाश वाढत नसतो. दोन्ही फायबरचं क्लॅडिंग (बाहेरचा काचेचा थर) १२५ मायक्रॉनच असलं तरी मोड फील्ड डायमीटर (आत प्रकाश जेवढ्या रुंदीत पसरतो ती) वेगळा असू शकतो, आणि ज्याचा लहान त्यातून प्रकाश जास्त प्रमाणात मागे परततो. ओटीडीआर तर परतलेला प्रकाशच मोजतो, म्हणून एका बाजूने फसतो. समजा १३१० नॅनोमीटरला एकाचा ९.२ आणि दुसऱ्याचा ८.६ मायक्रॉन आहे. खरा लॉस हिशोबाने फक्त ०.०२ डीबी येतो, पण ओटीडीआरला एकीकडून साधारण ०.३१ लॉस दिसतो आणि दुसरीकडून ०.२७ गेन. दोन्ही आकडे चिन्हासकट मिळवा आणि दोनने भागा.

कोअर_ते_कोअर: सहमत. सरासरी ०.१ च्या वर आली तरच जोडाला हात लावा. आधी क्लीव्हरचं (फायबर कापायच्या हत्याराचं) पातं बघा, काप एक अंशापेक्षा तिरका नको. मग मशीनचा प्रोग्राम. ए२ मध्ये कोअरभोवती (प्रकाश वाहणाऱ्या मधल्या भागाभोवती) खंदकासारखा थर असतो, जुन्या मशीनचा कॅमेरा कधीकधी त्यालाच कोअर समजतो. आर्कचं (काच वितळवणाऱ्या विजेच्या ठिणगीचं) कॅलिब्रेशनही त्याच जागी, त्याच हवेत करून घ्या.

तारवाला: जादा आर्क देऊन कोअर पसरवतात असं ऐकलंय. करू का?

प्रकाशरेषा: तुमच्या जोडीला गरज नाही. उष्णतेने कोअरमधलं जर्मेनियम पसरून मोड फील्ड रुंदावतं हे खरं, पण ते कामाला येतं फरक मोठा असताना. एर्बियम फायबरचं (प्रकाश वाढवायला वापरतात त्याचं) मोड फील्ड ५.५ आणि साध्याचं १०.४ मायक्रॉन असेल तर नुसत्या जोडात दीड डीबीच्या वर जातात. तिथेही आर्क बेतानेच, अति झाला की लॉस पुन्हा वाढतो.

कोअर_ते_कोअर: पुढे कुणी ६२.५ मायक्रॉन कोअरचं मल्टिमोड (रुंद कोअरचं) फायबर ५० च्याला जोडायला निघालं तर त्याला थांबवा. मोठ्याकडून लहानाकडे जाताना पावणेपाच डीबीपर्यंत जाऊ शकतात आणि ते खरेच जातात, सरासरी काढून परत येत नाहीत.

तारवाला: बाहेरच्या टोकाकडून मोजलं, उणे ०.२५! म्हणजे सरासरी ०.०३, मशीन म्हणत होतं तेवढीच. जोडावर संरक्षक स्लीव्ह चढवून ट्रे बंद केला. मनापासून आभार दोघांचे.