गड्ड्यातले सैनिक आणि ती पांढरी पूड

खेळण्यातल्या शिशाच्या जुन्या सैनिकांवर पांढरी पूड येते, पुसली तरी परत येते, काय करावं, असं कुणीतरी विचारलंय. आधी कपाट बदला. ओकसारख्या लाकडातून आम्लाची वाफ सुटत राहते, बंद कपाटात ती शिसं खाते. काच आणि धातूची पेटी बरी. पूड फुंकू नका, विषारी असते, हात धुवा. आणि नव्याने रंगवू तर अजिबात नका, ब्रिटन्स या इंग्लिश खेळणी कंपनीच्या पोकळ ओतीव सैनिकांची (१८९३ पासूनचे ते) बरीचशी किंमत मूळ रंगालाच असते.

माझ्याकडे मात्र शिसं नाही. सोलापूरकराचा संग्रह संक्रांतीच्या गड्ड्यातला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतला! होम मैदानावर पाळण्यात बसायचं की हिरव्या प्लॅस्टिकच्या सैनिकांची पिशवी घ्यायची, पैसे एकाचेच मिळायचे. मी पिशवी घ्यायचो. दिवाळीच्या किल्ल्यावर हेच सैनिक मावळ्यांशेजारी उभे. महाराज सिंहासनावर आणि बुरुजावर मशीनगनवाला. दादा चिडायचा, आजीला त्यात काही वावगं वाटत नसे. अळिवाला पाणी घातलं की कच्च्या मातीचे मावळे पायापासून विरघळायचे, मशीनगनवाला जागचा हलायचा नाही.

त्यातले सात उरलेत. जुनं मऊ प्लॅस्टिक वर्षानुवर्षांनी ठिसूळ होतं, वाकलेली बंदूक सरळ करायला गेलो तर हातासकट तुटली. आता उन्हापासून लांब ठेवतो, हात लावत नाही.

मातीचा मावळा मात्र एकही नाही. कुणाकडे जुना, रंगासकट शिल्लक असेल तर फोटो टाका की.