सोसायटीच्या यादीत सगळ्यांचा मोबाईल नंबर २१४७४८३६४७??

मुलुंडकर_बी_विंग:
मेंटेनन्सच्या बिलांसाठी एका पोराकडून सॉफ्टवेअर बनवून घेतलंय, काल मेंबर लिस्ट काढली तर जवळपास सगळ्यांचा मोबाईल नंबर २१४७४८३६४७. फक्त ज्या म्हाताऱ्यांनी एमटीएनएलचे आठ आकडी नंबर दिले होते ते तेवढे बरोबर दिसतायत. सेक्रेटरी म्हणतात व्हायरस आहे. भाचा बारावीला आहे, तो म्हणतो मामा ही तर मूळ संख्या आहे. आता मला दोन्ही सांगा, हा आकडा आमच्याकडे आला कुठून, आणि एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही हे बघितलं कोणी?

कोडवाला_कुर्ला:
व्हायरस बियरस काही नाही, पोराने फोनचा कॉलम इंट म्हणजे पूर्ण संख्येचा ठेवलाय. त्यात ३२ बिट म्हणजे ०-१ च्या ३२ जागा, एक जातो प्लस-मायनसला, उरले ३१, म्हणून मोठ्यात मोठा आकडा २ चा ३१ वा घात वजा १, तोच हा. आपले मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात म्हणजे सगळेच याच्या वर, आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस स्ट्रिक्ट मोडला, म्हणजे चुकीचा डेटा नाकारायच्या सेटिंगला, नसेल तर एरर न देता गपचूप हाच आकडा भरून मोकळं होतं. खरे नंबर गेले, परत गोळा करा. आणि कॉलम टेक्स्ट करायला सांगा, फोन नंबरांची बेरीज करायचीय का कोणाला?

फळा_आणि_खडू:
भाचा हुशार आहे. १७७२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ही मूळ संख्या असल्याचं सिद्ध केलं, अर्थात हातानेच. वर्गमूळ ४६,३४० च्या जरा वर येतं, त्यामुळे तिथपर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून बघायचं, पण त्याही साडेचार हजारांच्या वर आहेत. खरी मजा पुढे आहे. घात ३१ हा स्वतः मूळ असल्यामुळे विभाजक ६२ च्या पटीपेक्षा १ नेच जास्त असू शकतो, शिवाय त्याला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च यायला हवी. दोन्ही अटी लावल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवलेल्या संख्याच उरतात, त्यातल्या मूळ नसलेल्या गाळल्या की शंभर भागाकारसुद्धा करावे लागत नाहीत.

मुलुंडकर_बी_विंग:
भारी! म्हणजे घात मूळ असला की उत्तर मूळ, असं ना सर?

फळा_आणि_खडू:
नाही हो, तिथेच पोरं फसतात. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. घात मूळ नसेल तर मात्र विषयच संपला. १६ बिटवाल्यांचा घात १५, कमाल आकडा ३२७६७, तो ७ गुणिले ३१ गुणिले १५१. ६४ बिटवाल्यांचा घात ६३, त्यांच्या कमाल आकड्यालाही ७ ने भाग जातो. आणि हा तुमचा २१४७४८३६४७ च घात म्हणून घेतला आणि उत्तरातून १ वजा केला, तर त्या राक्षसी संख्येला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. ती पूर्ण लिहायची तर चौसष्ट कोटींच्या वर आकडे होतील, तरी विभाजक सापडलाय!

कोडवाला_कुर्ला:
बिलांच्या तारखा पण बघून घ्या बरं का. १९७० पासूनचे सेकंद इंटमध्ये ठेवले असतील तर १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी नेमका हाच आकडा येणार, आणि पुढच्या सेकंदाला आकडा उलटून मायनसमध्ये जाणार, म्हणजे बिलावर तारीख १९०१ ची. मंगळवार आहे त्या दिवशी, ऐन गर्दीची वेळ.