परसातल्या १० कोंबड्या: खत कशात कुजवू आणि कारवानी कुत्रा कसा आवरू? (कराड, बजेट २५००)

मळईकाठ: १० गावरान कोंबड्या आहेत, दिवसाला किलोभर विष्ठा पडते. वांगी-मिरचीला कोंबडखत करायचंय. दीड वर्षाचा कारवानी कुत्रा आहे. कोंबडी फडफडली की झेपावतो. २५०० च्या आत दोन्ही कसं बसवू?

वारणा_पट्टा: फिरवायचा ड्रमच घ्या, २०० लिटरचा. २५०० त बसणार नाही, पण पैसे वाढवा. आमच्याकडं आहे, रोज ५ फेरे दिले की झालं. भोकं खाली-वर दोन्हीकडं पाडून घ्या, नाहीतर आत चिखल होतो.

जतचा_माळ: ड्रम कशाला? ४ बाय ४ चा, अडीच फूट खोल खड्डा काढा. ओल टिकते, खर्च शून्य.

काळी_रान: जत कोरडं, तिथं जमतं दादा. कराडच्या काळ्या रानात पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उभं राहतं. हवा संपली की खत कुजत नाही, सडतं. उंचवट्यावर ढीग रचा, विहिरीपासून लांब. ३ बाय ३ बाय ३ फुटांपेक्षा लहान ढीग तापत नाही. १ घमेलं विष्ठेला ३ घमेली उसाचं पाचट. पाचट २-३ इंच तोडून आधी भिजवा, अख्खं टाकलं तर थर बसतात आणि मध्ये कोरडंच राहतं. मूठ दाबल्यावर तळवा ओला व्हावा, पाणी गळू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खुपसा, १० मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ५५-६० अंश आलं. ३ दिवस तसं ठेवून बाहेरचं आत घालत पालटा. असं ४-५ वेळा, मग महिनाभर मुरू द्या. कच्चं घातलं तर मिरचीची मुळं जळतात.

सांगलीकर_हळद: वासासाठी वर चुना भुरभुरा. ड्रम चांगलाच, मीही तेच सांगणार होतो.

काळी_रान: चुना अजिबात नको! त्यानं सामू (pH) चढतो, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. वास वाढतो आणि खत हलकं होतं. नाकात झोंबलं म्हणजे पाचट कमी पडलं, एवढंच समजा.

जतचा_माळ: कुत्र्याचं सोपं आहे, मेलेली कोंबडी गळ्यात बांधा. जुना उपाय आहे.

पट्टा_आणि_शिट्टी: तो उपाय फोल आहे. कुत्र्याला त्या कोंबडीचा आणि आधीच्या झडपेचा संबंध लागत नाही. कारवानी नजरेवर धावणारी जात, पळणारं दिसलं की सुटते. म्हणून कोंबड्या जाळीत ठेवा, दाणे टाकून टिपत ठेवा, कुत्रा पट्ट्यात २० फुटांवर. कोंबडीकडून नजर काढून तुमच्याकडं बघितलं की लगेच भाकरीचा तुकडा. दिवसातून दोनदा, ५-५ मिनिटं. मान ताठ, नजर खिळलेली, शेपूट स्थिर दिसली तर अंतर जास्त जवळ झालंय, ५ फूट मागं या. त्यात चुकलं तर आठवडाभराची मेहनत जाते. नंतर १५ फुटी दोरी. एकटा मात्र कधीच सोडू नका.

वारणा_पट्टा: झटक्याचा पट्टा मिळतो, तो का नको?

पट्टा_आणि_शिट्टी: झटक्याची भीती कोंबडीशी जोडली गेली तर कुत्रा बिथरून आणखी चावरा होऊ शकतो. आणि हो, ढिगात हाडं, मेलेली कोंबडी टाकू नका. वासावर कुत्रा ढीग उकरतो.

मळईकाठ: हिशोब केला. महिन्याची विष्ठा ३ घमेली, पाचट ९, एकूण १२. ३ फुटी ढिगाला ५० तरी लागतात, म्हणजे ढीग तापणारच नाही. आणि ड्रम बजेटबाहेर. म्हणून ६ बाय ४ च्या खुराड्यातच भुईमुगाच्या टरफलांची फूटभर गादी करतो, विष्ठा त्यातच पडू देतो, ६ महिन्यांनी सगळं काढून एकदाच ढीग रचतो. कुत्र्याला शिकवणं नंतर बघू. २५०० त खुराड्याभोवती अर्ध्या इंची वेल्डमेश (तारेची जाळी) लावतो, खाली फूटभर बाहेर वळवून पुरतो.

काळी_रान: गादी आठवड्याला दाताळ्यानं हलवा. पाण्याच्या भांड्याखाली वीट ठेवा. तिथं ओल धरली की गठ्ठे होतात, आणि पिल्लं असतील तर रक्ती हगवण लागते. टरफलं बुरशी लागलेली घेऊ नका.

मळईकाठ: टरफलं कुठं मिळतील?

सांगलीकर_हळद: शेंगा फोडणी गिरणीवर. गोण्या घरच्या न्या.