पाळी जायच्या वेळी हृदयाचं काय बघायचं? इंदूरकर मैत्रिणींनो, सल्ला हवाय

रात्रीची_जागी

वय 49, राहायला सुदामानगर. शेवटची पाळी येऊन सात महिने झाले. रात्री दोन-अडीचला मानेपासून डोक्यापर्यंत वाफ उठते, मी पंखा पाचवर करते आणि शेजारी नवरा गोधडी ओढून घेतो. दहा मिनिटांनी घाम सुकला की मलाच हुडहुडी भरते. याची आता सवय झाली आहे, एवढ्यासाठी धागा काढला नसता.

पण गेल्या महिन्यात ऑफिसतर्फे तपासणी झाली, त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 162 आलं. तीन वर्षांपूर्वी 118 होतं. खाणं तेच, वजन फक्त दीड किलो वाढलंय, पण सगळं पोटावर. परकराची नाडी वजनकाट्यापेक्षा खरं बोलते. मधूनच छातीत धडधडतं. आईला 61व्या वर्षी अटॅक आला होता, म्हणून जरा धास्ती वाटते.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊ की हार्टवाल्याकडे? कुठल्या तपासण्या करू? आणि खाण्याचं कसं करू? घरी सासरे 78 वर्षांचे, सकाळी पोह्यांवर शेव दिसली नाही तर विचारतात, "आज कोणी आजारी आहे का?" नेटवरचे डाएट चार्ट नकोत, त्यात क्विनोआ आणि अ‍ॅव्होकॅडो असतात.

राजवाड्याची_काकू

अगं, आमच्या वेळी हे काही नव्हतं. पाळी गेली की सुटलो म्हणायचो. शतावरीचं चूर्ण दुधातून घे, रात्री पायाला तेल लाव, डोक्यातले विचार कमी कर.

पांढरी_साडी

काकू, होतं हो सगळं. फक्त त्याला "हिचं डोकं फिरलंय" म्हणायचे.

जागी, मी सरकारी दवाखान्यात 34 वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त. डॉक्टर नाही हे आधी सांगते, औषध तुझे डॉक्टरच ठरवतील. पण जे पाहिलं ते लिहिते.

सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच मेनोपॉज झाला म्हणतात. तू अजून मधल्या टप्प्यात आहेस. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण 46-47च्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांत 51च्या आसपास. म्हणजे तू काही उशिरा किंवा लवकर नाहीस. 40च्या आत गेली तर मात्र ती वेगळी गोष्ट, हाडं आणि हृदय दोन्हींसाठी लवकर दाखवावं लागतं.

एलडीएल का वाढलं? इस्ट्रोजेन असतं तोवर ते लिव्हरला रक्तातलं एलडीएल उचलायला मदत करतं आणि रक्तवाहिन्या लवचिक ठेवतं. ते ओसरलं की त्याच पोह्यांवर, त्याच भाकरीवर आकडा चढतो. चरबी मांड्या सोडून पोटात, आतड्यांभोवती जाऊन बसते. बीपीही हळूहळू वर सरकतं. म्हणूनच बायकांचा हृदयविकार पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षं मागून येतो, आणि घरच्यांना वाटतं की तो बायकांचा आजारच नाही.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा चांगला फिजिशियन. धडधड आहे म्हणून ईसीजी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन नक्की कर, कारण थायरॉइड आणि रक्त कमी असणं यांनीही अगदी असंच धडधडतं. बीपी, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर. कंबर टेपने मोज, आपल्याकडच्या बाईची 80 सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. पॅप (गर्भाशयाच्या मुखाची) तपासणी आणि मॅमोग्राफीचं (स्तनांचा एक्स-रे) त्याच भेटीत विचारून घे, वेगळी चक्कर होत नाही कोणाच्याने. जाताना आईचं 61 हे वय सांगायला विसरू नकोस.

अजून एक, जे कोणी विचारत नाही. बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, किंवा गरोदरपणी शुगर? झाली असेल तर पंचवीस वर्षांपूर्वीची असली तरी सांग. अशा बायकांना पुढे हृदयाचा आणि डायबिटीसचा धोका जास्त असतो. जुनी फाइल माळ्यावर असेल तर काढ.

रात्रीची_जागी

ताई, अंगावर काटा आला. धाकट्याच्या वेळी आठव्या महिन्यात बीपी वाढलं होतं, पायांना सूज होती, आठवडाभर अ‍ॅडमिट होते. बाळंत झाल्यावर नॉर्मल आलं म्हणून विषय संपला. कोणी पुन्हा उल्लेखही केला नाही.

पांढरी_साडी

उद्याच बीपी मोज. एकदा नको, पाच-सहा दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर. वहीत लिही. चहा पिऊन लगेच मोजू नकोस.

रामबागवाली

खाण्याचं मी सांगते, माझं एलडीएल पण असंच उडालं होतं.

पोहे सोडू नकोस. आपल्या इंदूरला उसळ-पोहे मिळतातच ना, तेच घरी उलट्या प्रमाणात कर. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर, त्यावर मूठभर पोहे, कांदा, कोथिंबीर, लिंबू. तर्री नाही. सासऱ्यांच्या ताटात शेव घाल, स्वतःच्या ताटात चिमूटभर, डोळ्यांच्या समाधानापुरती. जीरावणात (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) काळं मीठ असतं हे लक्षात ठेव. मीठ दिवसाला सगळं धरून एक चहाचा चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, आणि आपलं ते शेव, पापड, लोणच्यातच संपतं.

तेलाचा हिशोब डब्यावरून कर, चमच्यावरून नाही. माणशी दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमच्या आत, तूप धरून. म्हणजे महिन्याला माणशी पाऊण किलो, चौघांच्या घरात तीन किलो. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा आमचं साडेपाच निघालं. वर बाफल्यांच्या (उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून खायचे) रविवारचं तूप वेगळं! बाफले बंद केले नाहीत, महिन्यातून एकदा केले. तळण एकदाच्या तेलात, दुसऱ्यांदा ते तेल नाही.

मालव्यात गहू उदंड, पण मी रात्री ज्वारीची भाकरी सुरू केली. भाजीत मेथी, पालक. जवसाची चटणी (जवस भाजून, लसूण, लाल तिखट, मीठ बेताचं) रोज एक मोठा चमचा. ती चविष्ट आहे म्हणून खाल्ली जाते, औषध म्हणून खाल्ली असती तर आठवड्यात सुटली असती.

सराफ्याची_सून

सोयाबीनचं विचारते. आपण सोयाबीनच्या गावात राहतो, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थाही इंदूरलाच आहे. ते वाफांवर चालतं म्हणतात, खरं का?

पांढरी_साडी

थोडं. त्यात इस्ट्रोजेनसारखं वागणारे घटक असतात, काहींच्या वाफा कमी होतात, काहींना फरक पडत नाही. पण प्रोटीन उत्तम आणि बटर-पनीरच्या जागी आलं तर एलडीएललाही बरं. भिजवून, शिजवून उसळीत घाल. बाजारातलं मसाला सोयाचं नमकीन यात धरायचं नाही.

कॅल्शियमही बघ, या वयात दिवसाला 1200 मिलिग्रॅमपर्यंत लागतं. पेलाभर दुधातून साधारण 300, तेवढंच दह्यातून. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. गोळ्या स्वतःच्या मनाने नको, आधी ड जीवनसत्त्व तपास.

गाडीवान

मी पुरुष आहे, बायकोसाठी वाचतोय. ती हार्मोनची गोळी घ्यायला घाबरते. कॅन्सर होतो म्हणे.

पांढरी_साडी

दादा, वाचताय हेच चांगलं. ती भीती 2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या बातम्यांमुळे बसली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बऱ्याच जणींची पाळी कधीच गेलेली. आता समज बदलली आहे. साठीच्या आतली किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असलेली निरोगी बाई असेल आणि वाफांनी झोप उडाली असेल, तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, स्ट्रोक, अटॅक यांचा इतिहास असेल तर नाही. आणि फक्त हृदय वाचवायला म्हणून हार्मोन देत नाहीत, हेही तितकंच खरं. घाबरून नको आणि मैत्रिणीची गोळी मागूनही नको.

राजवाड्याची_काकू

आणि शतावरी?

पांढरी_साडी

घ्या काकू, पण बीपीची, थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून. अश्वगंधा तर थायरॉइडवाल्यांनी विचारल्याशिवाय नाहीच.

रामबागवाली

माझ्या सासूबाईंचं सांगते, लिहायचं नव्हतं खरं. 64 वय. रात्री जबडा दुखतो, मळमळतंय, पाठीत जड वाटतंय म्हणाल्या. आम्ही पित्त समजून आल्याचा रस दिला. जवळच्या दवाखान्यातही गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं. पहाटे घामाने चिंब झाल्या तेव्हा 108 बोलावली. अटॅक होता. वाचल्या, पण हृदय अशक्त झालं. छातीत दुखलंच नव्हतं असं त्या म्हणायच्या, नंतर म्हणाल्या, "दुखलं नाही गं, दाबल्यासारखं वाटत होतं." आम्ही "दुखतंय का" एवढंच विचारत होतो.

पांढरी_साडी

हे वाक्य सगळ्यांनी वाचा. दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, जळजळ, असंच सांगतात बायका. सोबत धाप, जबडा, खांदा, पाठ, गार घाम, नेहमीच्या कामाने न येणारा थकवा. ईसीजी काढल्याशिवाय पित्त म्हणायचं नाही.

आणि आणखी एक, बारा महिने पाळी बंद राहून एक थेंब जरी डाग दिसला तरी "परत आली वाटतं" म्हणून बसायचं नाही, दाखवायचं.

सराफ्याची_सून

चालायला कोण येतंय? मी लालबागेत सहाला असते. आठवड्याला 150 मिनिटं जरा झपझप. दोन दिवस घरी पाण्याच्या बाटल्या उचलते, हाडांसाठी वजनाचा व्यायाम लागतो. सुरुवातीला लाज वाटायची, आता शेजारणीही बाटल्या घेऊन येतात.

रात्रीची_जागी

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. वहीतलं बीपी: 146/92, 142/90, 148/94 असंच चाललेलं. मला कधी काही जाणवलं नव्हतं. टीएसएच ठीक, हिमोग्लोबिन 10.4, ईसीजी ठीक. फिजिशियननी गरोदरपणातल्या बीपीचं विचारलं नाही, मीच सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहून घेतलं. बीपीची एक गोळी आणि लोह सुरू झालंय. एलडीएलसाठी तीन महिने खाणं-चालणं, मग पुन्हा तपासणी, तेव्हा स्टॅटिनचं (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) ठरवू म्हणाले. हार्मोनचं स्त्रीरोगतज्ज्ञांशी पुढच्या गुरुवारी.

तेल मोजलं. चौघांत साडेचार किलो. सासऱ्यांना उलटे उसळ-पोहे दिले, दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच वाटी पुढे केली.

एक शंका. थंडी आली की गराडू (तळून मसाला लावून खायचा कंद) येतील. एअर फ्रायरमध्ये केले तर चालतील का?

रामबागवाली

तब्येतीला चालतील.

राजवाड्याची_काकू

एअर फ्रायरमधला गराडू? अगं, सराफ्यातल्या खाऊगल्लीत कुणाला कळू देऊ नकोस.