नखावरची काळी रेघ (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

अ-३०४: नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर काळी उभी रेघ आलीय. मार लागल्याचं आठवत नाही. डॉक्टर वहिनी, फोटो टाकलाय, जरा बघता का?

ब-१०२: कॅल्शियम कमी झालंय. गोळ्या सुरू करा. नखाचा रंग बदलला की कॅल्शियमच.

क-५०१ (डॉक्टर): काका, कॅल्शियमचा इथे संबंध नाही. नख केराटिन या प्रथिनाचं बनतं.
अ-३०४, रेघ एकाच नखावर आहे का? किती रुंद? आधीपेक्षा वाढलीय?

अ-३०४: एकाच. ३-४ मिमी असेल. आधी बारीक होती म्हणतात.

ड-२०३: आज ग्रुपवर नखशिखांत चर्चा 😀

क-५०१ (डॉक्टर): अ-३०४, या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सावळ्या त्वचेत अनेक नखांवर बारीक तपकिरी रेघा असतात, त्यांची काळजी नसते. पण एकच नख, त्यातून अंगठा, ३ मिमीपेक्षा जास्त रुंदी आणि वाढत जाणारी रेघ, म्हणजे नखाखालचा मेलेनोमा (कर्करोगाचा प्रकार) नाही ना, हे बघावंच लागतं. बऱ्याचदा निघत नाही, पण अंदाजावर सोडायची गोष्ट नव्हे.
घरी एवढं बघा. हाताच्या नखाचं टोक साधारण सहा महिन्यांपूर्वी तयार झालेलं असतं, मूळ आत्ताचं. रेघ मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद असेल तर ती पसरतेय. आणि काळेपणा नखाच्या मुळाजवळच्या कातडीवर उतरलाय का, तेही बघा. तसं असेल तर उद्याच जा.

सचिव: सर्वांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या टाकी साफ होणार, ११ ते ३ पाणी बंद.

ड-२०३: सचिवसाहेब, तुमच्या पार्किंगवर दोन दिवस चर्चा चालली तेव्हा ही विनंती कुठे होती?

सचिव: तो सोसायटीचाच विषय होता.

ई-३०२: भांडू नका हो, माणसं काळजीत आहेत. वहिनी, मार लागून साकळलेलं रक्तही काळंच दिसतं ना? फरक कसा ओळखायचा?

क-५०१ (डॉक्टर): रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मागून स्वच्छ नख येतं. डागाच्या मुळाकडच्या कडेशी नखावर बारीक खूण करा, महिन्याने बघा. हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिमी वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. रेघ मात्र मुळापासून टोकापर्यंत तशीच राहते. पण अ-३०४, तुम्ही महिनाभर वाट बघत बसू नका.

ड-२०३: विषय निघालाच आहे तर, पायाचं नख पिवळं, जाड, कापताना भुगा पडतो. दुकानातून बुरशीवरचं लॅकर (नखाला लावायचं औषध) आणलं, दोन महिने लावतोय, फरक शून्य.

ब-१०२: तेच तर सांगतोय. कॅल्शियम.

अ-१०५ (लॅब): ड-२०३, तपासणी केली होती का? अशा नखांपैकी जवळपास निम्म्यांत बुरशी सापडतच नाही. सोरायसिस (त्वचेचा आजार) असतो, नाहीतर घट्ट बुटांचा दाब. नमुना देण्याआधी लॅकर काही आठवडे बंद ठेवा, नाहीतर बुरशी असूनही अहवाल कोरा येतो. आणि नुसतं टोक कापून आणू नका. खराब नख मागे कापून, चांगल्या नखाला लागून असलेला खालचा भुगा खरवडून घ्यावा लागतो, जिवंत बुरशी तिथेच असते. केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघणं) त्याच दिवशी होते, कल्चरला (नमुन्यातली बुरशी वाढवून बघायला) ३-४ आठवडे जातात.

ब-४०२ (फार्मसी): आणि बुरशी निघाली तरी दोन महिन्यांत फरक दिसणार कसा? बिघडलेलं नख दुरुस्त होत नाही, मागून नवं यावं लागतं. पायाच्या अंगठ्याला १२ ते १८ महिने लागतात. तुमचं लॅकर अमोरोल्फिनचं असेल तर नख कानशीने घासून पातळ केल्यावर आठवड्यातून एकदा-दोनदा लावायचं. न घासता लावलं तर वरच बसतं. पोटात घ्यायची बुरशीची गोळी म्हणजे टर्बिनाफिन, २५० मिग्रॅ रोज एक, हाताला ६ आठवडे, पायाला १२. त्याआधी लिव्हरची रक्ततपासणी. चिठ्ठीशिवाय मी तरी देणार नाही, कृपया आग्रह करू नये.

ड-२०३: घासायचं कोणी सांगितलंच नाही.

ब-४०२ (फार्मसी): खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं, दादा.

ई-३०२: आणि हिरवं नख?

क-५०१ (डॉक्टर): स्यूडोमोनास जिवाणू. सतत ओल्या राहणाऱ्या हातांचं, सुटलेल्या नखाखाली होतं. सुटलेला भाग कापायचा, एक भाग पांढरं व्हिनेगर चार भाग पाण्यात घालून दिवसातून दोनदा ५-१० मिनिटं बोटं बुडवायची, मग कोरडी करायची. ओल्या कामाला आत सुती आणि वर रबरी हातमोजे.

ब-१०२: पांढऱ्या ठिपक्यांबद्दल कोणी बोलत नाही. ते कॅल्शियमनेच होतात, सगळ्यांना माहीत आहे.

क-५०१ (डॉक्टर): काका, तुमचा मान राखून सांगते, नाही. नखाच्या मुळाला बारीक मार लागतो, ठिपका काही आठवड्यांनी दिसतो, तोवर मार कोणाला आठवत नाही. ठिपक्यांपेक्षा हे लक्षात घ्या: बहुतेक नखं जवळजवळ पूर्ण पांढरी आणि टोकाला फक्त गुलाबी-तपकिरी पट्टी, तर लिव्हर, हृदय, साखर तपासायची. मुळाकडे अर्धं पांढरं, टोकाकडे अर्धं तपकिरी, तर किडनी. आडव्या पांढऱ्या जोडरेघा, दाबल्यावर जाणाऱ्या, तर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आहे का बघायचं. हे आजार कॅल्शियमच्या गोळीत झाकून ठेवले तर महिने वाया जातात, म्हणून परत परत सांगतेय.

ब-१०२: ठीक आहे. आमचं कोण ऐकतं.

सचिव: उद्या ११ ते ३ पाणी बंद. मेसेज वर गेला म्हणून पुन्हा टाकतोय.

अ-३०४: वहिनी, उद्या सकाळचीच वेळ मिळाली. जाताना काय न्यायचं?

क-५०१ (डॉक्टर): छान केलंत. हातापायांच्या वीसही नखांवरचं नेलपॉलिश काढून जा, सगळी बघतात. चालू औषधांची यादी न्या, काही औषधांनीही नखं काळी पडतात. जुन्या फोटोंत अंगठा दिसत असेल तर तेही. रेघ घासू-खरवडू नका. डर्मोस्कोपने (त्वचा बघायच्या भिंगाने) बघतील, शंका वाटली तर नखाच्या मुळाचा छोटा तुकडा काढायला सांगतील. बोट बधिर करून काढतात. सासूबाईंना आजच सांगून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर नको म्हणणार नाहीत.